टॅप केल्याशिवाय सोडायचं नाही

४ जानेवारी

ब्लॅक बेल्टची परीक्षा एकतीस मार्चला. सर म्हणाले, तोपर्यंत डायरी लिहा. रोज काय शिकलात ते. तीन ओळी पुरेत.

मी विचारलं, "तुम्ही वाचणार का?"

"नाही. तुम्हीच वाचा. नंतर."

म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

आज काही शिकलो नाही. अकरा वर्षं ज्यूदो केलेल्या माणसाला रोज नवीन काय मिळणार? शिकवलं मात्र पुष्कळ.

६ जानेवारी

सुरुवातीला सगळं नीट मांडून ठेवावं. मी लिफ्टचा तपासनीस आहे. आमच्या अहवालात पहिल्या पानावर इमारतीचा नकाशा असतो.

वर्ग एका बंद पडलेल्या छापखान्यात भरतो. सकाळी साडेसहा ते आठ. मॅट उचलली की खाली शाईचे डाग. भिंतीवर एकच पाटी आहे: बूट बाहेर. गेल्या वर्षापर्यंत आम्ही चौदा पुरुष होतो. मग एक दंतवैद्य बाई आल्या. त्यांनी सरांना विचारलं, बायकांचा वर्ग कधी असतो? सर म्हणाले, साडेसहाला. आम्हाला वाटलं, वय झालंय, बोलून गेले. दुसऱ्या दिवशी बाई साडेसहाला हजर. आता सहाजणी आहेत.

बेकरीवाला माझा नेहमीचा जोडीदार. माझ्यासारखाच ब्राउन बेल्ट, वजन एकशे चार किलो. तो म्हणाला, "संपलं. आता ढेकरसुद्धा विचारून द्यायचा."

माझा विरोध नव्हता. मी पुरोगामी आहे. मी फक्त सुरक्षिततेचा मुद्दा मांडला. लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असते, तेव्हा नववा माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नसतो.

सर म्हणाले, "ही लिफ्ट नाही."

८ जानेवारी

दंतवैद्य बाईंनी आज बेकरीवाल्याला खाली घेतलं आणि त्याचा हात लॉकमध्ये धरला, म्हणजे कोपर उलटं दाबून अडकवलं. अशा वेळी टॅप करायचं असतं. मॅटवर, नाहीतर समोरच्याच्या अंगावर, हाताने दोनदा थोपटायचं. म्हणजे हरलो, सोडा. समोरचा सोडतो. राग नाही, लाज नाही. ज्यूदोतला सगळ्यात साधा शिष्टाचार.

बेकरीवाला टॅप करायच्या बेतात होता. पण त्याला जबाबदारीची जाणीव आहे. तो म्हणाला, "छान! आता कोपर जरा वर घ्या. थांबा, सोडा, मी दाखवतो." त्यांनी सोडलं. त्याने दाखवलं.

नंतर बाई हात पुसत म्हणाल्या, "सहा महिने झाले. या वर्गात एकही पुरुष अजून माझ्याशी हरलेला नाही. सगळे शिकवतात."

मला बरं वाटलं. कुणीतरी दखल घेतली.

११ जानेवारी

परीक्षेत हाताचं लॉक येणार. माझं तेच कच्चं आहे, असं सरांचं मत. वर्गातला वेळ पुरत नाही म्हणून संध्याकाळी घरी सराव सुरू केला. हिला सतरंजीवर बसवलं. ही कुरकुरत होती, गिऱ्हाइकाचे पडदे शिवून द्यायचे होते. पाच मिनिटं, म्हटलं. पाऊण तास छान सराव झाला.

हिची एक खोड आहे. लॉक लागलं की ही बोलते. "अहो, सोडा. दुखतंय." मी तीनदा समजावलं की शब्द चालत नाही. शब्द काय, कुणीही कशालाही वापरतं. टॅप केल्याशिवाय सोडायचं नाही, हा नियम. दुसरा हात मोकळा असून हिला आठवत नाही. शेवटी मीच तो धरून सतरंजीवर दोनदा आपटून दाखवला. मग सोडलं.

१५ जानेवारी

ही हल्ली कात्री डाव्या हाताने धरते. दोन्ही हात वापरले की मेंदूला चांगलं, असं कुठेतरी वाचलंय. मी कौतुक केलं.

आज चार लिफ्ट तपासल्या. एका दवाखान्यातली तार कुरकुरत होती. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, ती वर्षभर अशीच बोलतेय. काही होत नाही." मी लिफ्ट तिथल्या तिथे बंद करवली. म्हटलं, "तार उगीच बोलत नसते. ऐकायला कान लागतात."

हे वाक्य हाताखालच्या पोरांना लिहून द्यायला हवं.

१९ जानेवारी

सुट्टी. सासूबाई आल्या होत्या. हाडांच्या वॉर्डात एकतीस वर्षं सिस्टर होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. उंची जेमतेम पाच फूट. अजूनही माणूस समोर आला की चेहऱ्याआधी त्याचे सांधे बघतात.

हिने चहा ओतला तो डाव्या हाताने. सासूबाईंनी हिचा उजवा हात ओढून घेतला, मनगट फिरवलं, अंगठ्याने एक जागा दाबली. ही ओरडली.

"कशाने गं?"

"शिवणाने."

"शिवणाने बोटांचे वळ उठतात?"

मी खुलासा केला. लपवण्यासारखं काही नव्हतंच. परीक्षा, लॉक, टॅपचा नियम, हिची बोलायची खोड, सगळं सांगितलं. सासूबाईंनी केसपेपर भरावा तसे प्रश्न विचारले. आठवड्यातून किती दिवस? किती वेळ? ती सोडा म्हणाली की किती वेळाने सोडता? माझ्या कुठल्याही गोष्टीत त्यांनी एवढा रस कधी घेतला नव्हता.

निघताना म्हणाल्या, "घरचा सराव बंद करा, जावईबापू."

"आई, तिला सवय नाही म्हणून दुखतं. सवय झाली की नाही दुखायचं."

"असं?" त्या म्हणाल्या. चपला घालता घालता थांबल्या. "तुमचा वर्ग किती वाजता असतो?"

२२ जानेवारी

वर्गात शिरलो तर सासूबाई मॅटवर. पांढरा ड्रेस, पांढरा बेल्ट, अंबाड्याला जाळी.

बाजूला घेऊन सांगितलं, "आई, हे वय आहे का?"

"कशाचं?"

मग म्हटलं, "ठीक आहे. पण इथे नातं चालत नाही. इथे बेल्ट चालतो."

"बरं, जावईबापू."

तास संपेपर्यंत सगळा वर्ग मला जावईबापू म्हणू लागला. सुरुवात बेकरीवाल्याने केली. शेवटी सरसुद्धा म्हणाले, "जावईबापू, मॅट उचला."

२९ जानेवारी

सासूबाईंना पडणं छान जमतं. सरांनी कौतुक केलं तर म्हणाल्या, "जन्मभर पडलेली माणसंच बघत आले."

मग सरांनी बेकरीवाल्याला त्यांच्या अंगावर आडवं घातलं आणि म्हणाले, याच्याखालून सुटा. एकशे चार किलो. मी सुरक्षिततेचा मुद्दा मांडणारच होतो. सासूबाईंनी त्याला ढकललं नाही. एक गुडघा त्याच्या कुशीखाली घातला, एक हात खांद्यामागे नेला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वळा हं बाबा. वळा." तो वळला. पुढच्या क्षणी त्या वर होत्या आणि बेकरीवाला पालथा.

त्याला शिकवायचं होतं, पण तोंड मॅटमध्ये होतं.

"चादर बदलताना असंच वळवायचो," सासूबाई म्हणाल्या. "एकेकटी असायचो वॉर्डात."

ही निव्वळ युक्ती आहे. ज्यूदो नाही.

२ फेब्रुवारी

घरचा सराव चालू आहे. ही आता बोलत नाही. प्रगती.

पण टॅपही करत नाही. छताकडे बघत राहते. मग सोडायचं कधी, हा तांत्रिक प्रश्न उभा राहतो. मी वीस आकडे मोजतो आणि सोडतो. दुसरं कुणी असतं तर तेवढेही मोजले नसते.

९ फेब्रुवारी

आठवडा झाला, सराव बंद. सासूबाई रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला येतात आणि बरोबर सतरंजीच्या मधोमध बसतात. कधी शेंगा सोलतात, कधी लोकर गुंडाळतात. आज म्हटलं, "आई, खुर्ची घ्या ना. गुडघे दुखतील."

"माझे नाही दुखत. बसा तुम्ही खुर्चीवर."

मी खुर्चीवर बसतो. ही शिवणयंत्रावर बसते. परीक्षा तोंडावर आणि सतरंजीवर शेंगा.

१२ फेब्रुवारी

दंतवैद्य बाईंनी सरांकडे तक्रार केली. सरांनी नवीन नियम काढला: झुंजीत बोलायचं नाही. हरलात तर टॅप करा.

मी म्हटलं, "सर, मग ज्ञानाचं काय?"

"तेही गप्प राहू दे."

आज वर्गात थोपटण्याचा एवढा आवाज, की तान्ही बाळं निजवताहेत असं वाटावं. बेकरीवाल्याने एकट्याने नऊ वेळा टॅप केलं. नंतर पायरीवर बसून म्हणाला, "जावईबापू, खरं सांगू? हलकं वाटलं. अकरा वर्षं मी उगाच बोलत होतो."

माणूस खचलाय. मी त्याला धीर दिला. मी स्वतः अजून कुणा बाईपुढे टॅप केलेलं नाही. त्याला कारण आहे: मी त्यांच्याशी खेळत नाही. वजनाचा प्रश्न येतो. फक्त सासूबाईंशी खेळतो. घरचं माणूस आहे आणि त्या प्रतिकार करत नाहीत. मी पाडतो, त्या पडतात. उठून विचारतात, "परत?"

२४ फेब्रुवारी

सासूबाईंची जिज्ञासा दांडगी आहे. आज मी त्यांना हाताचं लॉक दाखवत होतो. म्हणजे त्यांच्याच हातावर.

"कोपर किती मागे जातं हो?"

मी सांगितलं.

"आधी कुठे दुखतं?"

मी दाखवलं. त्यांचा चेहरा हलला नाही. सिस्टर लोक दगड असतात.

"आणि समोरचा सोडा म्हणाला तर?"

"शब्द चालत नाही. टॅप केल्याशिवाय सोडायचं नाही."

"दुखतंय म्हणाला तर?"

"तरी नाही."

"समोर आपलं माणूस असलं तर?"

"नियम सगळ्यांना सारखा, आई."

त्यांनी मान हलवली. दंतवैद्य बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या शिकवण्यातली स्पष्टता त्यांना भावली.

१६ मार्च

आमच्या वर्गाची एक रीत आहे. परीक्षेची शेवटची झुंज कुणाशी, हे परीक्षा देणारा स्वतः ठरवतो. सर म्हणतात, माणूस कुणाला निवडतो त्यावरूनच निम्मे गुण कळतात. बेकरीवाल्याने दंतवैद्य बाईंना निवडलं. म्हटलं, अरे, डोकं फिरलंय का? म्हणाला, "त्यांच्याशी खेळताना मी चांगला खेळतो."

मी दोन दिवस विचार केला. सासूबाईंना निवडलं. वजनाने हलक्या, वयाने साठ, बेल्ट पांढरा. मी त्यांना अलगद पाडीन, अलगद लॉक लावीन, त्या टॅप करतील, मी हात देऊन उठवीन. कौशल्य दिसेल आणि संस्कारही दिसतील.

सासूबाई म्हणाल्या, "बघा हं, जावईबापू. नक्की?"

"नक्की."

"नंतर म्हणाल."

"नाही म्हणणार."

"मी तीनदा विचारते. ऑपरेशनच्या आधी विचारायचो तसं. नक्की?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की काय, मी नीट पाहिलं नाही. मान मिळाला की बायका हळव्या होतात.

३० मार्च

उद्या. हिला म्हटलं, तूही ये बघायला. ही म्हणाली, "आईने आधीच सांगितलंय यायला."

घर माझ्या पाठीशी आहे.

५ एप्रिल

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट. थोडक्यात लिहितो.

पहिल्या चार झुंजी जिंकलो.

शेवटच्या झुंजीत सासूबाईंना पाडलं. त्या सुंदर पडल्या. खाली जाऊन लॉक लावणार, एवढ्यात त्यांचा गुडघा माझ्या कुशीखाली आला. कानाशी आवाज आला, "वळा हं." मी वळलो. का वळलो, माहीत नाही. वळल्यावर माझा उजवा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता आणि कोपर त्यांच्या पोटाशी.

मी म्हटलं, "छान! आता कोपर जरा—"

"बोलायचं नाही," सर म्हणाले.

बरोबर त्या जागी दुखलं. मीच दाखवली होती ती जागा. मी म्हटलं, "आई, सोडा."

"टॅप करा, जावईबापू."

"सोडा, दुखतंय."

"मला कळतंय. टॅप करा."

त्या ओढत नव्हत्या. हे मला मान्य करावं लागेल. जिथे धरलं होतं तिथेच धरून होत्या, एक केसभर पुढे नाही, एक केसभर मागे नाही. डावा हात मोकळा होता. मॅट वीतभर अंतरावर होती. मी बाकाकडे पाहिलं. ही बसली होती. ही छताकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. आधी वाटलं, देवाचं नाव घेतेय. मग कळलं, आकडे मोजतेय.

टॅप केलं असतं तर परीक्षा गेली असती. म्हणून मी सुटायला वळलो. चुकीच्या बाजूला वळलो. मी स्वतः वळलो, हे सरांनी अहवालात लिहिलंय.

मी तारांचे आवाज ओळखतो. हा आवाज ओळखीचा नव्हता.

मी वळताक्षणी सासूबाईंनी हात सोडला होता. पण उशीर झाला. मग त्यांनीच हात जागेवर धरला, माझ्या कमरेचा ब्राउन बेल्ट सोडला आणि त्याची झोळी करून माझ्या गळ्यात बांधली. गाठ उत्तम होती. म्हणाल्या, "श्वास घ्या. रडायचं असेल तर रडा. वॉर्डात सगळे रडतात."

मी रडलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते वेगळं.

८ एप्रिल

सर भेटायला आले. बेकरीवाला पास झाला. बाईंशी हरला, टॅप केलं, तरी पास.

"आणि मी?"

"लॉक तुम्हाला लावता येतं," सर म्हणाले. "टॅप करता येत नाही. ऐकताही येत नाही. ते आपण पहिल्या दिवशी शिकवतो. हात बरा झाला की पहिल्या दिवसापासून या."

वय झालंय त्यांचं.

१० एप्रिल

शर्टाची बटणं लागत नाहीत. भाकरी तुटत नाही. हिला म्हटलं, कठीण आहे गं डाव्या हाताने. ही म्हणाली, "मेंदूला चांगलं असतं."

लक्षात ठेवते माझी वाक्यं.

१४ एप्रिल

ही काही दिवस आईकडे राहायला गेली. मी आजारी असताना घरात यंत्राची खडखड नको म्हणून असेल. यंत्र बरोबर नेलं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून दोघींनी जिन्याने उतरवलं. उचलताना पाठ सरळ, गुडघे वाकलेले. हे मी वर्गात शिकवलं होतं. दारातून सांगितलंही, "छान! आता डावीकडून—" त्या पुढे गेल्या होत्या.

कात्रीही नेली. कपाटातल्या तिच्या बाजूला आता पुष्कळ जागा झालीय. हवा खेळती राहते.

१५ एप्रिल

दवाखान्यातल्या त्या लिफ्टची नवी तार बसवली. कुरकुर नाही. मी कान लावून बराच वेळ उभा राहिलो. माणूस म्हणाला, "साहेब, आता काय ऐकताय?"

२९ एप्रिल

घर फार शांत आहे. सतरंजी गुंडाळून ठेवली. उगीच पायात येते.

फोन केला. सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, "बोटं हलतात ना? मुंग्या येतात का?" सगळं विचारलं. मग मी हिला फोन द्या म्हटलं. म्हणाल्या, "तिला विचारते." आत काहीतरी बोलणं झालं. मग म्हणाल्या, "नको म्हणतेय." आणि ठेवला.

एका शब्दावर ठेवून दिला.

२१ मे

हात सरळ होतो. पूर्ण नाही.

वर्गात गेलो. सरांनी मला भिंतीकडच्या रांगेत उभं केलं, नव्या लोकांत. माझ्या बेल्टला अजून गाठीची चुणी आहे. सासूबाई आता पिवळा बेल्ट. मला बघून म्हणाल्या, "या, जावईबापू. पुढे झुकू नका, खांदा सैल ठेवा." बेकरीवाला नव्या लोकांना शिकवत होता. बोलत नव्हता, नुसतं करून दाखवत होता.

रांगेत शेवटची ही. पांढरा ड्रेस तिने स्वतःच शिवला असणार, बाह्या अगदी मापात होत्या. सरांनी जोड्या लावल्या. ती माझ्या समोर आली. सरांनी तिला विचारलं, "चालेल?" ती म्हणाली, "चालेल." मला कुणी विचारलं नाही.

सर म्हणाले, "पहिला धडा. समोरच्याचं मनगट धरा. त्याने टॅप केलं की सोडायचं. सोडा म्हणाला तरी सोडायचं. दोन्ही चालेल. बाकी काही बोलायचं नाही."

नियमांची अशी पायमल्ली मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

हिने माझं डावं मनगट धरलं. आम्ही महिन्याहून जास्त दिवसांनी भेटत होतो. हिच्या हातावर आता वळ नव्हते. मी हळूच विचारलं, "घरी कधी येणार?"

"एकच शब्द चालतो," ही म्हणाली. "हा तो नाही."

मग मी तिच्या दंडावर थोपटलं. एकदा. दुसऱ्यांदा हात उचलला, तोवर तिने सोडलं होतं आणि ती पुढच्या जोडीदाराकडे वळली होती.

दोनदा थोपटायचं असतं. मी एकदाच थोपटलं होतं. शिवाय मला जराही दुखलं नव्हतं. पकड कच्ची आहे हिची. घरी आली की शिकवीन.